रिस्ट स्ट्रॅप, मॅट आणि अर्थिंग: दुरुस्तीच्या टेबलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली भागात मोबाईल, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, पंपाचे स्टार्टर दुरुस्त करणारे कारागीर, एमआयडीसीतली छोटी असेंब्ली युनिट आणि आयटीआयची मुलं यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न. स्टॅटिकपासून (घर्षणाने साठणाऱ्या विजेपासून) आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, वाचवणं आणि करंटपासून माणूस वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, पण दोन्ही अर्थच्या त्याच हिरव्या वायरवर येऊन पडतात आणि तिथेच घोळ होतो. जिथे दोन्ही जमत नाहीत तिथे आधी माणूस.

१. मला कधी स्टॅटिकचा चटका बसत नाही. मग माझ्या टेबलावर स्टॅटिक आहे हे कशावरून?

चटका जाणवायला अंगावर साधारण ३,००० व्होल्ट साठावे लागतात. त्याखालचं काहीच कळत नाही. पण नाजूक आयसी १०० व्होल्टलाही जाते आणि नेहमीच्या मॉसफेटच्या (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या) गेटची मर्यादा ±२० व्होल्टच असते. खुर्चीवरून उठणं, सेलोटेप ओढणं, नव्या डिस्प्लेवरची फिल्म सोलणं, एवढ्यानेही हजारो व्होल्ट तयार होतात. माणसाला त्यातून इजा होत नाही, कारण अंगाची साठवण जेमतेम १०० ते १५० पिकोफॅरडची.

खरी डोकेदुखी अर्धवट मेलेल्या पार्टची. काउंटरवर सेट चालतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं आणि महिन्याभराने तोच सेट परत येतो. दोष सप्लायरच्या मालावर जातो.

२. आमच्याकडे पावसाळा दमट असतो. तेव्हा तरी पट्टा (अंगावरचा चार्ज अर्थमध्ये सोडणारा मनगटाचा रिस्ट स्ट्रॅप) काढून ठेवला तर चालेल का?

नाही. जुन्या तक्त्यांत नेहमी दिला जाणारा आकडा बघा: गालिच्यावरून चालताना १० ते २० टक्के आर्द्रतेला ३५,००० व्होल्टपर्यंत, तर ६५ ते ९० टक्क्यांना १,५००. दमट हवेत धोका घटतो, पण १,५०० व्होल्टसुद्धा आयसीला भरपूर झाले. माण, खटाव, जत, आटपाडीकडे फेब्रुवारी ते मे दुपारची हवा एकदम कोरडी असते, तेव्हा दुप्पट जपा. एसीची खोलीही कोरडीच धरायची. ४० ते ६० टक्के आर्द्रता कामाला सोयीची.

३. सुरुवातीला कमीत कमी काय घ्यावं?

दोन थरांची ईएसडी (स्टॅटिकपासून बचावाची) मॅट, साधारण ६० बाय ९० सेंटीमीटर. १ मेगाओहम रेझिस्टर असलेला रिस्ट स्ट्रॅप. मॅट आणि पट्टा जोडायला एक कॉमन पॉइंट. थ्री-पिन सोल्डरिंग आयर्न. चंदेरी शिल्डिंग पिशव्या. आणि टेबलाच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाईन तोडणारा स्विच). पैसे कमी असतील तर आरसीसीबी आणि अर्थिंग आधी, मॅट नंतर. आयोनायझर (हवेत आयन सोडून चार्ज घालवणारं यंत्र) लहान दुकानाला लागत नाही. बिनतारी पट्टा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. चार्ज जायला वाटच नाही, तर तो जाणार कुठे?

४. पट्ट्यात १ मेगाओहम कशाला? साध्या तांब्याच्या तारेने हात बांधला तर स्टॅटिक जास्त लवकर जाईल ना?

जाईल, पण त्या लवकरचा उपयोग नाही. १ मेगाओहममधूनही अंगावरचा चार्ज एका मिलिसेकंदाच्या आतच उतरतो.

रेझिस्टर तुमच्यासाठी आहे. चुकून फेजला हात लागला तर २३० व्होल्टला १ मेगाओहममधून ०.२३ मिलिअँपिअर जातात, ते जाणवतही नाहीत. नुसती तार असेल तर अडवायला फक्त शरीर उरतं, हजार-दोन हजार ओहमचं. म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या पुढे, छातीतून. हात झटकायलाही वेळ मिळत नाही. घरी तारेचा पट्टा करू नका, आणि कॉर्ड तुटली तर रेझिस्टर वगळून जोड मारू नका. रेझिस्टर बहुधा मनगटाकडच्या बटणातच बसवलेला असतो.

५. सॉकेटमध्ये तिसरं भोक आहे. म्हणजे अर्थ आहेच ना?

भोक असणं आणि त्यामागे अर्थ असणं, यात फार अंतर आहे. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या गाळ्यांत वरच्या भोकामागे काहीच नसतं. बाजारातल्या स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात तीन भोकं असतात आणि आत वायर दोनच.

मीटर एसी व्होल्टवर ठेवा. सॉकेटकडे तोंड करून उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढेच. न्यूट्रल-अर्थ ० ते ३ व्होल्ट. न्यूट्रल-अर्थमध्ये ४०, ८०, ११० असं काही दिसलं तर अर्थ तुटलेला आहे.

अगदी ०.० दिसलं तर खूश होऊ नका. कोणीतरी सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ यांना वायरचा तुकडा जोडून ‘अर्थिंग करून दिलेलं’ असू शकतं. त्याच बोर्डावर १,००० वॉटची इस्त्री लावा. न्यूट्रलमध्ये थोडा व्होल्टेज ड्रॉप होऊन आकडा हलायला हवा. तो ढिम्म राहिला तर तुकडा आहे असं समजून लाईन बंद करा आणि सॉकेट उघडून बघा. पुढेमागे खांबाकडचा न्यूट्रल सुटला की त्या बोर्डावरच्या सगळ्या लोखंडी बॉडीवर २३० व्होल्ट येतात.

मीटर फार कमी करंट घेतो, म्हणून गंजलेल्या, केसाएवढ्या जोडावरही तो चांगलाच आकडा दाखवतो. खात्रीसाठी वायरमनकडून १०० वॉटचा पिवळा (फिलामेंटचा) दिवा फेज-अर्थमध्ये दोन-तीन सेकंद लावून घ्या. समजा मोकळा आकडा २३० होता आणि दिवा लावल्यावर २२२ झाला, तर ८ व्होल्ट भागिले साधारण ०.४२ अँपिअर, म्हणजे वाट सुमारे १९ ओहमची. चाचणी चालू असताना दुकानातल्या कुठल्याही लोखंडी वस्तूला कोणी हात लावायचा नाही. लाईनवर आरसीसीबी असेल तर ती लगेच पडेल. अर्थची वाट आहे हे तेवढ्याने कळतं, ती किती ओहमची आहे ते कळत नाही.

६. गाळ्यात अर्थिंगच नाही. पट्टा न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपला जोडू का?

न्यूट्रलला कधीही नाही. प्लग उलटा बसला किंवा मागे कोणी तारा अदलाबदल केल्या, की तुमचा न्यूट्रल फेज होतो. पाइप हल्ली बहुतेक पीव्हीसी असतात. लोखंडी असला तरी मध्येच प्लास्टिकचा जोड निघतो.

अर्थ मिळेपर्यंत मॅट, पट्टा आणि दुरुस्तीतल्या बोर्डाचा ग्राउंड हे तिन्ही एकाच कॉमन पॉइंटला जोडा. स्टॅटिकमध्ये नुकसान होतं ते दोन वस्तूंच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे. सगळे एकाच पातळीला असतील तर जमिनीशी जोड नसूनही आयसी बऱ्यापैकी सुरक्षित राहते. अट एकच: त्या जाळ्यात लाईटवर चालणारी कोणतीही वस्तू नको.

खिडकीखाली आपला वेगळा रॉड ठोकून फक्त मॅट त्याला जोडणं हाही अर्धवट उपाय आहे. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की तो रॉड आणि इमारतीचा अर्थ यांच्यात मोठा फरक तयार होतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये तुम्ही बसलेले असता. रॉड ठोकलाच तर तो मुख्य अर्थला जाड तारेने जोडून घ्या.

७. अर्थिंगचा खड्डा कसा घ्यावा? आमच्याकडे काळी माती आहे, शेजारच्या गावात नुसता मुरूम.

आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे पाइपचा इलेक्ट्रोड किमान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, गॅल्वनाइज्ड आणि किमान २.५ मीटर लांब असावा. भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण असलेली चौकट.

कृष्णाकाठची काळी माती ओली असताना उत्तम काम देते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, माती पाइपपासून सुटते आणि रेझिस्टन्स चढतो. म्हणून जानेवारीत घेतलेल्या मापावर मे महिन्यात विसंबू नका. उन्हाळ्यात दर काही दिवसांनी तीन-चार बादल्या पाणी ओता. साताऱ्याकडच्या डोंगरउतारावर वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. तिथे २.५ मीटर खोल जाणंच अवघड, आणि एक खड्डा बहुधा पुरत नाही. दोन-तीन इलेक्ट्रोड निदान एका पाइपच्या लांबीएवढ्या अंतरावर घेऊन आपसात जोडावे लागतात.

५ ओहमच्या आत आलं तर छान. मॅट मुळातच मेगाओहमची असल्यामुळे स्टॅटिकसाठी ५ ओहम काय आणि ५० काय, फरक पडत नाही. तो पडतो शॉर्ट झालेल्या उपकरणाची बॉडी हातात असताना.

८. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. हे स्टॅटिक का?

नाही. स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो. हात ठेवला तरी झिणझिण्या येतच असतील तर तो लाईनचा करंट. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडी मधोमध, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते. करंट अगदी थोडा, पण अशा मशीनला प्रोग्रामरची किंवा यूएसबीची वायर लावताना पोर्ट जळतात आणि दोष स्टॅटिकवर ढकलला जातो. उपाय प्रश्न ५ मध्ये. झिणझिण्या जोराच्या असतील तर मशीन बंद करा, आत खरा लीकेज असू शकतो.

९. मॅट कशी जोडायची? दोन टेबलांच्या मॅट एकमेकींना जोडून एकच वायर काढली तर?

वरचा हिरवा किंवा निळा थर चार्ज हळू सोडतो, खालचा काळा थर तो वाहून नेतो. मॅटचं बटण खालच्या थरापर्यंत पोचलेलं असावं. तिथून कॉमन पॉइंटला आणि कॉमन पॉइंटपासून अर्थला वायर. प्रत्येक मॅटची वायर वेगळी न्या. माळ केली तर पहिलं बटण सुटताच पुढची सगळी टेबलं उघडी पडतात, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पट्टाही मॅटच्या कोपऱ्याला चिमटा लावून नव्हे, थेट कॉमन पॉइंटला.

अर्थसाठी तयार ईएसडी प्लग मिळतो. त्याची अर्थची पिन तेवढी धातूची, बाकी दोन प्लास्टिकच्या. साध्या थ्री-पिनमध्ये एकच वायर जोडून काम भागवू नका. दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी ती दुसऱ्या पिनला जोडून ठेवतो.

१०. मॅटऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा टाकला तर? स्वस्त पडतो.

पत्र्यावर चार्ज झालेली आयसी ठेवली की तिचा चार्ज एका झटक्यात उतरतो, आणि आयसी मारतो तो हाच झटका. शिवाय बॅटरी लावलेला बोर्ड शॉर्ट होतो आणि २३० व्होल्टची सुटी वायर पडली तर अख्खं टेबल जिवंत. सनमायका याच्या उलट टोकाला, तो चार्ज सोडतच नाही. मॅट या दोन टोकांच्या मधली हवी.

११. साध्या मल्टिमीटरने काय काय तपासता येतं?

पट्टा पूर्ण तपासता येतो. आधी कॉर्डची दोन टोकं मोजा: ०.८ ते १.२ मेगाओहम. आकडा शून्याकडे असेल तर कॉर्ड कात्रीने कापूनच टाका, नाहीतर कोणीतरी ती परत वापरतो. मग पट्टा हातात घालून त्याच हाताच्या मुठीत धातूची नळी धरा आणि नळी ते कॉर्डचं टोक मोजा. मीटर २० मेगाओहमच्या रेंजवर. साधारण १ ते १० यायला हवं. आयईसी ६१३४०-५-१ आणि एएनएसआय/ईएसडी एस२०.२० या ईएसडीच्या मानकांची वरची मर्यादा ३५ मेगाओहम आहे, पण मीटरने हात टेकले म्हणजे २० च्या वर, तेवढ्यावर पट्टा बाजूला ठेवा. हे रोज काम सुरू करण्याआधी.

कॉर्ड चांगली असूनही आकडा जास्त येतो तो बहुधा कोरड्या कातडीमुळे किंवा सैल पट्ट्यामुळे. बाहीवर बांधलेला पट्टा तर शोभेचाच. हिवाळ्यात सिलिकॉन नसलेलं लोशन थोडं लावा, किंवा कापडी पट्ट्याऐवजी धातूचा घ्या.

मॅट मात्र मल्टिमीटरने मोजता येत नाही. तिची मर्यादा १,००० मेगाओहमच्या आत आहे. मीटर हात टेकतो म्हणून ती खराब ठरत नाही. तिला १०० व्होल्टवर, सुमारे सव्वादोन किलोचे चपटे वजनदार इलेक्ट्रोड ठेवून मोजतात.

१२. मॅट कशाने पुसावी?

ईएसडी मॅटचा क्लीनर, नाहीतर सौम्य साबणाच्या पाण्याचा पिळलेला फडका. फिनेल, मेणाचं किंवा सिलिकॉनचं पॉलिश नको, त्याचा थर चार्ज अडवतो. फ्लक्सचे डाग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) तेवढ्यापुरते काढा. रोज आयपीए घासलं तर मॅट कडक होते.

१३. चप्पल, फरशी, कपडे, याने किती फरक पडतो?

बसून काम करणाऱ्याला पट्टा पुरतो. उभं राहून, फिरत काम असेल तर हील स्ट्रॅप (टाचेला बांधायचा पट्टा), तोही दोन्ही पायांत आणि फरशी ईएसडीची असेल तरच. रबरी चप्पल आणि व्हिट्रिफाइड टाइल दोन्ही चार्ज अडवतात, तिथे हील स्ट्रॅप घालून काही साधत नाही.

नायलॉनची साडी, पॉलिस्टरचा शर्ट बोर्डावर घासू देऊ नका, वर सुती किंवा ईएसडी एप्रन. पट्टा लावला तरी कपड्यावरचा चार्ज जात नाही, तो अंगावरचाच जातो. थर्माकोल, पॉलिथीन, चहाचे प्लास्टिकचे कप बोर्डापासून निदान ३० सेंटीमीटर लांब.

१४. गुलाबी पिशवी आणि चंदेरी पिशवी, फरक काय?

गुलाबी पिशवी स्वतः चार्ज होत नाही, पण बाहेरचा झटका अडवत नाही. मॅटवर स्क्रू ठेवायला ठीक. चंदेरीत धातूचा पातळ थर असतो, तो आतल्या वस्तूला झाकतो. बोर्ड कुरिअरने पाठवायचा तर चंदेरी, तोंड दुमडून चिकटवलेली. चुरगळून थराला तडे गेले की ती बाद. बॅटरी लावलेला बोर्ड काळ्या कंडक्टिव्ह पिशवीत ठेवू नका, शॉर्ट होतो.

१५. पंचवीस वॉटची टू-पिन आयर्न चालेल का?

टर्मिनल, वायर, स्पीकरला चालेल. मॉसफेटला नाही. टोकापासून अर्थला एसी व्होल्ट मोजा, कित्येक टू-पिन आयर्न दहावीस व्होल्ट सहज दाखवतात. थ्री-पिन आयर्नमध्ये आयर्न बंद आणि प्लग काढलेला असताना टोक ते प्लगची अर्थ पिन मोजा: नवी असताना २ ओहमच्या आत, वापरात १० च्या वर जाऊ देऊ नका. बिटच्या मुळाशी काळी राख साचली की आकडा चढतो, काढून घासा. अडलंच तर टू-पिन आयर्न तापवून प्लग काढा आणि लगेच दोन-तीन जोड मारून घ्या. जुनी युक्ती, पण खरी.

१६. चालू एसएमपीएस किंवा स्टार्टरच्या बोर्डावर काम करताना पट्टा घालायचा का?

नाही. घड्याळ, अंगठी, कडंही काढा. १ मेगाओहम पट्ट्याची वाट अडवतो, पण कोपर कॅबिनेटला टेकलं असेल तर त्या वाटेवर रेझिस्टर कुठला? पट्टा बंद, डिस्चार्ज केलेल्या बोर्डासाठी.

प्लग काढला तरी मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी राहू शकतात. २.२ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी पाच-सहा सेकंद लावा. ४७० मायक्रोफॅरड तेवढ्यात उतरतो. मग मीटरने बघा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ट्रॅक उडतो आणि ठिणगी डोळ्यात जाते.

१७. ऑसिलोस्कोपची क्लिप लावली की फ्यूज उडतो. स्कोपचा अर्थ काढून टाकू का?

एलईडी दिवे आणि स्वस्त स्टार्टर यांच्या बोर्डात बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर नसतो, सप्लाय थेट कपॅसिटरमधून. त्यांचा ‘ग्राउंड’ लाईनवरच असतो आणि स्कोपची क्लिप अर्थवर. म्हणून धडाका. अर्थ काढला तर स्कोपची बॉडी फेजवर येते, मग तुमची पाळी. स्कोपला अर्थ राहू द्या, बोर्ड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर घ्या. त्याच्या पुढे आरसीसीबी तुम्हाला वाचवत नाही. दोन्ही तारांना एकदम हात लागला तर काहीच ट्रिप होणार नाही, म्हणून एक हात बोर्डापासून लांब ठेवा.

१८. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर काम करतो. संरक्षण तेच राहतं का?

मेनच्या बाजूची आरसीसीबी इन्व्हर्टरच्या आउटपुटवरचा दोष बघू शकत नाही. इन्व्हर्टरपासून टेबलापर्यंत अर्थची वायर अखंड आली आहे का ते तपासा, बरेचदा दोनच वायर ओढलेल्या असतात. बॅटरीवर असताना लाईनचं उघडं काम टाळा. मोबाईल बोर्डाचं कमी व्होल्टेजचं काम चालेल.

१९. दुकानात पुराचं पाणी आलं होतं. मॅट, पट्टा, अर्थिंग यांचं काय करायचं?

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा प्रश्न सांगलीकरांकडून हमखास येतो. पाण्यात बुडालेले सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी बदला. वाळवून चालू झाले तरी आत गाळ राहतो, आणि आरसीसीबी तर ऐन वेळी अडकते. अर्थच्या पाइपवरचा क्लँप उघडून घासा, नटबोल्ट नवे, मग माप. मॅट धुऊन पूर्ण वाळवून मोजून घ्या. पट्ट्याची कॉर्ड फेकून द्या, बटणातला गंज वरून दिसत नाही. हे सगळं होईपर्यंत मेन बंद.

२०. रानात जाऊन पंपाच्या स्टार्टरचा बोर्ड बदलायचा असतो. तिथे मॅट कुठून आणू?

मॅट नसली तरी चालतं, क्रम चुकवू नका. ‘आत्ता लाईट नाही’ या बोलण्यावर हात घालायचा नाही. शेतीची लाईट कधीही येते. मेन स्विच खाली, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात. मीटरने फेज-फेज आणि प्रत्येक फेज-बॉडी शून्य आहे ना ते बघा. मीटर आधी आणि नंतर चालू लाईनवर तपासा. स्टार्टरमध्ये मोटरचे कपॅसिटर असतील तर तेही डिस्चार्ज करा.

नंतर पट्ट्याचा चिमटा पेटीच्या बिनरंगाच्या स्क्रूला लावा. नवा बोर्ड शेवटपर्यंत चंदेरी पिशवीत. पिशवी आधी पेटीला टेकवा, मग उघडा, बोर्ड कडेने धरा. जुना बोर्ड त्याच पिशवीत परत. सगळे स्क्रू घट्ट झाले की पट्टा काढा, पेटीचं झाकण लावा, आणि मगच खिशातले फ्यूज बाहेर.